लाइट न गेलेली दुपार

तीन वाजून गेले तरी लाइट गेली नव्हती.

वरच्या खोलीत फोनसमोर बसलेल्या निशाच्या तळपायांना खालच्या यंत्रमागांची थरथर जाणवत होती. एरवी भिवंडीच्या कामतघर भागात दुपारी दोनला लाइट जायची ती पाचशिवाय यायची नाही. घराच्या तळमजल्यावरचे सहा माग एकदम थांबायचे, पाठोपाठ गल्लीतल्या सगळ्या शेड गप्प व्हायच्या. तोच हिशेब करून तिनं नॉर्वेच्या प्राध्यापिकांना कळवलं होतं, की फोन आमच्याकडच्या साडेतीनला करा.

"नाक्यावर मंत्री आलाय उद्घाटनाला," तिची आई आनंदीबाई दारात येऊन म्हणाली. "आज लाइट जायाची न्हाय, बोलतान."

निशानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

नॉर्वेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची जागा निघाली होती. समुद्रावरून आलेले ढग किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडले की पाऊस कुठे आणि किती पडतो, यावर चार वर्षं काम करायचं, तेही पगार घेऊन. निशा फिजिक्समध्ये एम.एस्सी. होती. पुण्याच्या एका हवामान संस्थेत तिनं प्रोजेक्ट असिस्टंटचं काम केलं होतं. प्रोजेक्ट संपला तशी नोकरीही संपली आणि ती भिवंडीला परत आली. त्या संस्थेतल्याच एका मॅडमनी ही जाहिरात पाठवली. अर्जांमधून तिघांना मुलाखतीसाठी निवडलं होतं, आणि मुलाखत फोनवर होती.

निशाला नीट ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट तिला आणि आईला, दोघींनाच ठाऊक होती.

ती दुसरीत असताना काळूरामनं, तिच्या वडिलांनी, भाताची जमीन गोडाऊनवाल्यांना विकून खाली माग टाकले. त्या खडखडाटातच ती झोपली, उठली, परीक्षांना बसली. घरात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे कधी काही वेगळं वाटलं नाही. पुण्याच्या शांत प्रयोगशाळेत मात्र एक दिवस तिच्या लक्षात आलं, की यंत्राची शिट्टी वाजली की बाकीचे माना वर करतात आणि आपल्यापर्यंत ती पोचतच नाही. माणसाचा आवाज यायचा. पण त्यातले स, फ, थ गळून पडायचे. समोरच्याचे ओठ दिसत असले की गळलेली अक्षरं तिला भरून काढता यायची. फोनवर ओठ कुठून दिसणार?

"कोनाला बोलू नको," तेव्हाच आई म्हणाली होती. "बहिरी म्हनून नाव झाला का मंग कोन करतो लग्न? आनि बाबांना त न्हायच सांगायचा. माग त्यांनी घातलं. जिवाला लावून घेतील."

तेव्हापासून निशा घरातला फोन उचलत नसे. काळूराम त्याला शिकल्याचा तोरा म्हणायचा.

आता तोच जिन्यावरून धापा टाकत वर आला. "अगं, लाइट न्हाय गेली त काय झाला? मी करतो की बंद आपलं." त्याला या सगळ्यातलं एवढंच समजलं होतं, की शिकायचं आणि वर पगारही तेच देणार. हे खरं आहे ना, असं त्यानं आठवडाभरात कितीदा तरी विचारलं होतं.

तो खाली उतरला. निशा खिडकीशी गेली. कारागीर शमीमभाई कपाळाचा घाम पुसत बाहेर आला.

"बस आधा घंटा," काळूराम हातवारे करून सांगत होता. "लडकी का इंटरव्ह्यू है. बाहर देश से फोन आनेवाला है."

"बिटिया का? तो पहले बोलना था ना, सेठ!"

खालचे माग थांबले. पण डावीकडे, उजवीकडे, समोर, सगळीकडे चालूच होते. शमीमभाई एका बाजूच्या शेडमध्ये शिरला, काळूराम दुसऱ्या. पलीकडच्या चिंधूचा माल त्याच दिवशी जायचा होता. तो दारातच आडवा उभा राहिला. साठीला आलेल्या काळूरामनं त्याच्यापुढे हात जोडलेले निशाला वरून दिसले. मग चिंधूनं मान फिरवली आणि आत जाऊन मेन स्विच पाडला. एकेक शेड गप्प होत गेली. गल्लीतले लोक बाहेर येऊन वर, तिच्या खिडकीकडे बघायला लागले.

इतक्या लोकांनी आपल्यासाठी हातातलं काम टाकलं, हे पाहून निशाला धीर यायला हवा होता. तो आला नाही. आता आवाजाचं निमित्तही उरलं नव्हतं.

फोन वाजला.

प्राध्यापिकांचा आवाज बारीक, उंच पट्टीतला होता. निशानं रिसीव्हर कानावर इतका दाबला की कान दुखला. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. पहिला प्रश्न ओळख करून देण्याचाच असणार म्हणून तिनं पाठ केलेलं सांगितलं. ते जमलं. दुसऱ्या प्रश्नात तिला 'मॉडेल'सारखं काहीतरी ऐकू आलं. ती बोलत सुटली. सह्याद्रीवरचे ढग, पावसाचे आकडे, पुण्यात केलेलं काम. प्राध्यापिकांनी पुन्हा काही विचारलं. निशानं पुन्हा तेच, आणखी सविस्तर सांगितलं.

मग एका पुरुषाचा जाड, संथ आवाज आला. तो तिला स्पष्ट कळला.

"प्राध्यापिका विचारत होत्या, की निवड झाली तर तुम्ही इकडे कधी येऊ शकाल."

निशानं मान वर केली. जिन्याच्या वरच्या पायरीवर काळूराम येऊन बसला होता. पोरगी इंग्रजीत एवढं न थांबता बोलली म्हणून त्याचा चेहरा फुलला होता. दारातून आई डोळ्यांनीच म्हणत होती, सांभाळ.

"लाइन खराब आहे," निशा इंग्रजीत म्हणाली. हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच असायचं.

त्यांनी फोन ठेवून पुन्हा लावला. लाइन स्वच्छ होती. बारीक आवाज पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा त्यातले शब्द विरघळत गेले. आणखी एकदा चुकीचं उत्तर दिलं, की ते आभार मानून फोन ठेवणार, हे तिला दिसत होतं. खरं सांगितलं तरीही ठेवतील. आणि खरं सांगितलं, तर ते या खोलीत, बाबांच्या समोर सांगावं लागणार होतं.

"लाइन चांगली आहे," ती म्हणाली. "मलाच कमी ऐकू येतं. विशेषतः बारीक आवाज. तुमचे प्रश्न मला कळलेले नाहीत. मी अंदाजानं उत्तरं दिली."

बोलता बोलता तिचा मोकळा हात कानाकडे गेला होता. इंग्रजी न कळणाऱ्या काळूरामनं तो हात पाहिला, मग बायकोच्या तोंडाला लागलेला पदर पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

पलीकडे दोघं आपसात काही बोलली. मग तो जाड आवाज सावकाश म्हणाला, की ते प्रश्न लिहून पाठवतील, जवळपास इंटरनेट आहे का? तासाभरात उत्तरं द्या.

काळूरामनं स्कूटर काढली. सायबर कॅफे नाक्याच्या पुढे होता. अर्ध्या वाटेत त्यानं स्कूटर बाजूला घेतली आणि वळून, तिच्या तोंडासमोर तोंड आणून विचारलं,

"कवापास्नं?"

"पुण्याला कळलं. आधीपासूनच असेल."

"मागांनी?"

"डॉक्टरला कुठं दाखवलंय, बाबा. काय माहीत."

तो परत हँडलकडे वळला. स्कूटरला तीन किका माराव्या लागल्या.

निशानं पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिली. टाइप करताना पहिल्यांदाच तिला कळत होतं की आपल्याला नक्की काय विचारलं आहे. बाहेर काळूराम स्कूटरला टेकून उभा होता. गल्लीतले माग केव्हाच सुरू झाले असतील, चिंधूनं शिव्याही घातल्या असतील. तो घरी गेला नाही.

पंधरवड्यानं मेल आली. तिला घेतलं होतं. खाली एक ओळ होती: येण्याआधी कानांची तपासणी करून अहवाल पाठवावा, म्हणजे इथे तशी सोय करता येईल.

"म्हंजे आता कागदावर येनार," आई एवढंच म्हणाली. निशाही रात्रभर जागी होती. त्या अहवालात काय निघेल, आणि ते वाचून ही माणसं मागे फिरली तर?

ठाण्याच्या दवाखान्यात काचेची एक छोटी खोली होती. कानांवर हेडफोन लावून आत बसायचं आणि आवाज आला की हात वर करायचा. निशाचा हात सुरुवातीला पटपट वर गेला. मग थांबून थांबून. शेवटी शेवटी तो मांडीवरच राहिला आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या काळूरामनं खाली पाहिलं.

"वरच्या पट्टीतले आवाज गेलेत," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "ते परत येणार नाहीत. पण मशीन लावलं की बोलणं बरंच कळेल. आता मात्र त्या मागांच्या आवाजात राहायचं नाही." मग त्या काळूरामकडे वळल्या. "काका, तुम्ही मागावर किती वर्षं?"

"रिक्षानं आलो," काळूराम म्हणाला. "भिवंडीवरनं."

बाईंनी निशाकडे पाहिलं. निशानं वडिलांकडे पाहिलं. इतकी वर्षं घरात सगळेच ओरडून बोलत आले होते.

"काका," बाई मोठ्यानं म्हणाल्या, "तुम्हीपण बसा आत."

"मना कशाला? मना काय झालाय?" असं म्हणत तो आत गेला. टोपी काढून मांडीवर ठेवली, हेडफोन लावून घेतले आणि फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा ताठ बसला. बाई बटणं दाबत होत्या. निशा काचेतून त्याच्या हाताकडे बघत होती. हात हलत नव्हता. बाईंनी आणखी एक बटण फिरवलं. काहीच नाही.

तेवढ्यात काळूरामची नजर काचेबाहेर, निशाच्या चेहऱ्यावर गेली. तिथं त्याला काय दिसलं कोण जाणे. त्यानं घाईघाईनं हात वर केला, चांगला खांद्याच्या वर, आणि तिच्याकडे बघून हसला.

"आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

निशाला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. तिनं काचेपलीकडे पाहून मान डोलावली, आणि काळूरामनं हात तसाच वर धरून ठेवला.