मिलर्सच्या एक्केचाळीस चुका

बेल्कनॅप मिलर्स हा बेसबॉल संघ अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात बेल्कनॅप गावात अकरा हंगाम खेळला आणि त्यातले आठ तळाला राहिला. तरी गावाला त्याचा कोण अभिमान! म्हणून वाचनालयाने संघाचा इतिहास लिहायचं काम व्हर्ना स्वोबोडाच्या गळ्यात घातलं. तिचे वडील ऑगस्ट संघाचे गुणलेखक होते, आणि तिचा नवरा लॅड १९५८ साली मिलर्सकडून खेळला होता.

खेळला होता म्हणजे काय, तर चेंडू सोडले होते. एका हंगामात एक्केचाळीस चुका. मिलर्समधून खेळाडू निवडून वर नेणाऱ्या मोठ्या संघाने, म्हणजे वरच्या क्लबने, सप्टेंबरात 'हात कच्चे' असं कळवून त्याला घरी बसवलं. तेव्हापासून गावाने त्याचं नाव चाळणी ठेवलं. पन्नास वर्षं झाली तरी न्हाव्याकडे कुणीतरी म्हणायचंच, "चाळणी, पावडरचा डबा झेल बघू." लॅडही हसायचा. ऑगस्टने त्याला आपल्या हार्डवेअरच्या दुकानात घेतलं, मुलगी दिली. सगळे म्हणत, म्हातारा देवमाणूस.

दुपारी व्हर्नाने जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे मांडले. एक, ऑगस्टने वरच्या क्लबला दर आठवड्याला टाईप करून पाठवलेल्या तक्त्यांच्या प्रतींचा. दुसरा, बापाच्या पेन्सिलीने भरलेल्या वह्यांचा. मैदानात बसून, चेंडू पडला की तिथल्या तिथे लिहिलेल्या. चेंडू निसटला तर तो फलंदाजाचा चांगला फटका की क्षेत्ररक्षकाची चूक, हे गुणलेखक ठरवायचा. त्याच्या शब्दावर अपील नव्हतं.

सात जून. वहीत फटका, तक्त्यात लॅडची चूक. टाईप करताना चुकलं असेल, असं तिला वाटलं. अकरा जून, तेच. मग तिने चष्मा पुसला आणि पहिल्या सामन्यापासून एकेक ओळ ताडून पाहिली. मे महिन्यात वही आणि तक्ता तंतोतंत जुळत होते. सहा जूननंतर मात्र एकोणीस चेंडू असे होते, की जे देवाच्या बापालाही अडवता आले नसते. वहीत ते सगळे फटके होते, तक्त्यात लॅडच्या चुका. बापाला स्वतःच्या वहीत खोटं लिहवलं नव्हतं.

हा माणूस दुकानात खिळासुद्धा दोनदा मोजून द्यायचा! तिने सहा जूनचं पान उघडलं. समासात बारीक अक्षरात दोनच शब्द होते. 'व्हर्ना रडली.'

तिला आठवलं. एकोणीस वर्षांची होती ती. लॅडला वर बोलावणार अशी कुणकुण लागली होती, आणि तिने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हटलं होतं, "पपा, तो गेला की परत येणार नाही. काहीतरी करा ना." नंतर ते ती विसरूनही गेली होती.

मागच्या दाराने लॅड टोमॅटो घेऊन आला. "काय गं, मोजल्यास माझ्या चुका? पुस्तकात मोठ्या अक्षरात छाप."

"बावीस," व्हर्ना म्हणाली. तिचा तळवा समासावर होता.

"एक्केचाळीस. पोरासोरांना पाठ आहे."

"बावीसच आहेत, लॅड. बाकीच्या पपांनी तुझ्या नावावर घातल्या."

त्याने टोमॅटो ठेवले. खुर्ची ओढून वही वाचत गेला, बोट ओळीवरून फिरवत. बराच वेळ. मग त्याने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मी बरा खेळत होतो," तो म्हणाला. "व्हर्ना, मी चांगला खेळत होतो गं. मग म्हाताऱ्याने असं का केलं? मी काय वाकडं केलं होतं त्याचं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. बाप मरून तीस वर्षं झाली होती, त्याच्यावर काहीही ढकललं तरी खपलं असतं. तिने तळवा उचलला.

लॅडने ते दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले. मग त्याने खुंटीवरची टोपी घेतली, दार उघडलं, आणि एकोणपन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच 'येतो' न म्हणता तो बाहेर पडला.