कप्तानसाठी राखून ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चांगला नाही. बाकीच्या खुर्च्या आपली गोष्ट सांगताना कशा म्हणतात, आम्ही सगळ्यांना जागा दिली, कोणाचा राग केला नाही? असतील त्या तशा. मी एका माणसावर डूख धरून होते आणि शेवटी त्याला आपटलं. थांबा, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही त्याचीच बाजू घ्याल.

मी जन्मले एका कारखान्यात. पत्रा दाबून माझी बैठक केली, नळ्या वाकवून पाय केले आणि वर निळा रंग मारला. काय दिसायचे मी! मग खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानात गेले. आज शाळेच्या मैदानावर, उद्या कुठल्या तरी सभेत. लोक बसायचे, टाळ्या वाजवायचे, निघून जायचे. हळूहळू रंग उडाला, पोचे आले, डाव्या पायाचं रिव्हेट, सांधा धरून ठेवणारा खिळा, सैल झालं. दुकानदार म्हणाला, "ही आता कोणाच्या तरी अंगावर शेकणार," आणि त्याने आम्हा काही जणींना टायरच्या दुकानावरच्या खोलीत देऊन टाकलं.

त्या खोलीत दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरायची. गोल करून बसायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. हा त्यांचा नियम. ज्याची सुटली तोच दुसऱ्याची सोडवू शकतो, असं ते मानायचे. आणि एक वर्ष न पिता काढलं की पत्र्याचा एक बिल्ला मिळायचा. एवढासा बिल्ला, पण मोठमोठी माणसं तो हातात घेऊन रडताना मी बघितलीत.

या बैठकीचा म्होरक्या कप्तान. जहाज त्याने जन्मात बघितलं नव्हतं हं, गोदामाचा मुकादम होता. पण त्याचा आवाज असा की जिन्यात खोकला तरी खाली टायरवाला सरळ उभा राहायचा. खरं तेच सांगते, माणूस कामाचा होता. गटारातून लोकांना उचलून आणायचा. वेल्डिंगचं काम करणारा एक जण होता, सगळे त्याला वेल्डरच म्हणायचे, त्यालाही त्यानेच आणलं. खांद्यावर टाकून आणलं आणि माझ्यावर ठेवलं. वेल्डर ओकला, पार माझ्या पायांवर ओकला. मी हलले नाही. सैल रिव्हेट आवळून धरलं मी!

तेव्हापासून वेल्डर माझ्यावरच बसायचा. महिन्याभरात त्याने माझं रिव्हेट ठोकून दिलं, कोणी सांगितलं नसताना. मला त्याआधी कधी कोणी तसा हात लावला नव्हता. म्हणून तो माझा माणूस.

आता त्याला दारूशिवाय अजून एक आजार होता. डोक्यात आवाज यायचे. समोर कोणी नसताना कोणीतरी बोलायचं, धमकावायचं, हाका मारायचं. दारू तो त्यांना गप्प करायलाच प्यायचा. मग डॉक्टरने गोळ्या दिल्या, आवाज गप्प झाले, आणि दारू सोडणं जमायला लागलं. त्याची ताई त्याच्यासोबत राहायची, धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. रोज संध्याकाळी ती विचारायची, "घेतलीस?" आणि हा जीभ बाहेर काढून दाखवायचा. लहान मुलासारखा.

वर्ष झालं. बिल्ल्याचा दिवस आला. वेल्डर नवा शर्ट घालून आला आणि बोलायला लागला, "माझे हात थरथरतात ते गोळ्यांमुळे. तोंड सुकतं. पण डोक्यात शांत आहे."

कप्तान मध्येच बोलला. नियम त्याचाच, आणि मोडलाही त्यानेच!

"गोळ्या? कसल्या गोळ्या? म्हणजे तू अजून नशेतच आहेस की! बाटलीतून निघालास आणि डबीत जाऊन बसलास?"

सगळे हसले. सगळे, मित्रांनो! ज्यांनी एकमेकांची ओकारी पुसली होती ते सगळे.

"कप्तान, डॉक्टरने दिल्यात," वेल्डर म्हणाला.

"डॉक्टर प्यायचा का कधी? त्याला काय कळतंय? ते बघ बेसिन. गोळ्या टाक आणि बिल्ला घे. का डबीवरच प्रेम बसलंय?"

मी ओरडत होते, नको, नको, उठू नकोस! पण खुर्चीचं ऐकतं कोण? तो उठला. सगळ्यांसमोर त्याने डबी बेसिनमध्ये उपडी केली. कप्तानने स्वतः नळ सोडला. मग टाळ्या. मग बिल्ला.

ताईला त्याने सांगितलंच नाही. जीभ दाखवत राहिला, गोळी न घेताच.

थोड्याच दिवसांत तो माझ्यावर बसून मागे वळून बघायला लागला. मागे भिंत होती. मग एका दुपारी तो एकटाच आला, वेल्डिंगचं मशीन घेऊन. आम्हा सगळ्या खुर्च्यांना गोल मांडलं आणि एकीचा पाय दुसरीच्या पायाला जोडायला लागला. ठिणग्या उडतायत, माझा रंग जळतोय, आणि हा रडत रडत आम्हालाच सांगतोय, "आता कोणी उठून जाणार नाही. बाहेर ते उभे आहेत. गोलातून कोणी उठायचं नाही. मी वाचवतो सगळ्यांना."

दुखलं का? दुखलं ना! पण माझा त्याच्यावर राग नाही. तो आम्हाला वाचवत होता हो.

मग माणसं आली. कप्तानने दारातून बघितलं आणि म्हणाला, "प्यायलाय."

मागोमाग ताई धावत आली. हातात इस्त्रीच्या खोलीतलं फडकं तसंच. ती म्हणाली, "प्यायलेला नाहीये तो. तोंड हुंगा त्याचं. हुंगा ना! एकाने तरी हुंगा!"

कोणी हुंगलं नाही. कप्तानने त्याच्या शर्टावरचा बिल्ला काढून खिशात टाकला. ताईने वेल्डरला हाताला धरून खाली नेलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात भरती केलं. त्याचं मशीन वर तसंच पडलं होतं, गरम.

त्याच क्षणी मी ठरवलं. हा कप्तान एकदा, फक्त एकदा, माझ्यावर बसू दे.

पण कसला बसतोय! आम्हाला ग्राइंडरने कापून सुटं केलं आणि ज्या वाकड्या झाल्या त्यांना जिन्याखाली फेकलं. माझा डावा पाय अर्धा कापला गेला होता. अंगावर जुने टायर पडले, कोळी राहायला आले. तिथे मी काय करत होते म्हणाल? बेत! बोट चिमटायचं की पँट फाडायची? का पुढे पाडायचं? नाही, मागे. मागे पडलं की माणूस जास्त हास्यास्पद दिसतो. टायरवाला एकदा मला उचलायला आला तर त्याचं बोट चिमटलं, नुसतं सरावासाठी.

बऱ्याच काळाने जिन्याखाली उजेड आला आणि ओळखीचा थरथरता हात आत आला. वेल्डर! जाड झाला होता, सावकाश बोलत होता, पण डोळे जागेवर होते. ताई सोबत होती.

झालं असं की दवाखान्यात त्याला त्याच्यासारखेच भेटले. पूर्वी पिणारे आणि डोक्याचा आजार असलेले, दोन्हीही. दारूच्या बैठकीत गोळ्यांवरून हसतात आणि दवाखान्यात दारूवरून ओरडतात, मग यांनी जायचं कुठे? म्हणून यांनी स्वतःची बैठक काढली. ताईच्या मालकाने धुलाईच्या दुकानाची मागची खोली दर गुरुवारी संध्याकाळी दिली. वर तारेवर लोकांचे कोट लटकतायत, वाफेचा आणि साबणाचा वास, आणि मध्ये आम्ही भंगारातल्या खुर्च्या.

वेल्डरने सगळ्यांचे पाय नीट केले. माझ्यापाशी आला आणि थांबला. अर्धा कापलेला पाय बोटाने हलवून बघितला.

"हिचं राहू दे," तो म्हणाला. "ही कप्तानसाठी."

मित्रांनो, मला कधीच कोणी असं ओळखलं नव्हतं!

मग दर गुरुवारी मला गोलात मांडायचे आणि माझ्यावर कोणी बसायचं नाही. नवीन माणूस बसायला गेला की शिवणकामवाली मावशी ओरडायची, "अहो, तिथे नको! ती एका मोठ्या माणसासाठी आहे." ही मावशी आजारात झोप विसरायची, आणि एकदा तिने घरातल्या सगळ्या पडद्यांचे झगे शिवून टाकले होते. दुसरा एक होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण डोक्यात सतत काहीतरी चालू.

"आज माझ्याकडे शांत आहे," वेल्डर म्हणायचा.

"माझ्याकडे दोन बोलतायत," रेडिओ म्हणायचा, "एक घेऊन जा ना. बारीक आवाजातलं देतो, त्रास नाही."

खो खो हसायचे. इथे हसणं वेगळं होतं, बघा. पण वेल्डरची पाळी आली की तो कधीकधी फक्त माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मी त्याला विसरलेलो नाही. विसरणारही नाही." नियम इथेही तोच होता, म्हणून कोणी सल्ला द्यायचं नाही. ताई तर मान डोलवायची.

आणि एका गुरुवारी तो आला!

आधी मी ओळखलंच नाही. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, दाढी वाढलेली, आणि तो आवाज, तो आवाजच नाही.

"इथे बसलं तर चालेल का?" तो म्हणाला. हळू. कप्तान हळू बोलला!

ताईने डोळ्यांनी खूण केली आणि रेडिओ कुजबुजला, "आला रे आला." वेल्डर जागचा हलला नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

मावशी गोड गोड आवाजात म्हणाली, "बसा ना. ती एक रिकामीच आहे."

तो आला. वळला. बसला. आणि मी पाय सोडला.

धडाम! मागेच पाडलं, ठरवलं होतं तसं. त्याचे दोन्ही पाय वर, एक चप्पल उडून कोटांमध्ये. काय हसले सगळे! ताई तर भिंतीला टेकून हसली. आणि मला गोड लागलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? फार गोड लागलं.

पण तो उठेना. उठायचा प्रयत्नही करेना. तसाच फरशीवर बसून बोलायला लागला, जसं काही त्याची जागा तीच.

"नोकरी संपली आणि घरात बसलो. आता अंघोळ होत नाही, जेवण जात नाही. दारू नाही प्यायलो, देवाशपथ. दारूची आठवणसुद्धा येत नाही. कशाचीच येत नाही. सकाळी वाटतं, आपण नसलो तर बरं." त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, पूर्ण भरलेली. "डॉक्टरने दिल्यात. रोज संध्याकाळी एक. घेतल्या नाहीत. माझ्या बैठकीत काय तोंड दाखवू? मीच सगळ्यांच्या टाकायला लावल्या."

हसणं थांबलं होतं. वेल्डर उठला.

"उठू नकोस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कप्तानला एकेरीत हाक मारली. "तिथेच बस. सगळ्यांसमोर टाकायला लावल्यास ना? आता सगळ्यांसमोर घे."

मावशी म्हणाली, "अरे, सल्ला द्यायचा नाही, नियम आहे."

"सल्ला कुठे देतोय? सूड घेतोय. सुडाला नियम नाही."

"पाणी मी आणते," ताई म्हणाली. आणलं. पण दिलं नाही. पेला हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही म्हणालात, माझा भाऊ प्यायलाय."

"म्हणालो."

"प्यायला होता?"

"नव्हता."

"मोठ्याने. तुमचा आवाज कुठे गेला?"

"नव्हता प्यायला!" आणि तो पूर्वीचा आवाज क्षणभर आला, तारेवरचे हँगर वाजले. "तो एक थेंबही प्यायला नव्हता. तो आजारी होता आणि मी त्याला आजारी केलं."

तिने पेला दिला. त्याने गोळी घेतली. वेल्डर उकिडवा बसला, अगदी त्याच्या तोंडासमोर.

"जीभ दाखव."

कप्तानने जीभ दाखवली. म्हातारा माणूस, फरशीवर, सगळ्यांसमोर.

"पुढच्या गुरुवारी परत," वेल्डर म्हणाला. "एवढ्यात माझं पोट भरलं असं समजू नकोस."

दुसऱ्याच दिवशी वेल्डरने माझा पाय पक्का जोडून दिला. मी नाराज झाले, खरंच. पण मग कळलं. तुटक्या खुर्चीवरून माणसाला एकदाच पाडता येतं. धड खुर्चीवर त्याला दर गुरुवारी आणून बसवता येतं. आणि ज्याच्यावर सूड घ्यायचाय तो जिवंत तर राहायला हवा!

तर मित्रांनो, माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. कोणी गोळी घेत असेल, पोटासाठी असो की डोक्यासाठी, तर पाणी द्या. ती टाकायला सांगू नका. "एवढ्याशा गोष्टीला औषध काय घेतोस?" असं तर मुळीच म्हणू नका. आणि कोणी कोणाला हसताना दिसलाच तर त्याला आमच्या दुकानात पाठवा. बसायला मी आहेच.

मी कप्तानला माफ केलेलं नाही. वेल्डरनेही केलेलं नाही, तो तसं स्पष्ट सांगतो. आज गुरुवार आहे. सगळे आलेत, इस्त्र्या बंद झाल्यात, आणि माझ्यावर अजून कोणी बसलेलं नाही. कप्तान आलेला नाही. मागच्या गुरुवारीही त्याचे डोळे मला बरे दिसले नव्हते.

"बसा तुम्ही, सुरू करू नका," वेल्डर म्हणाला, आणि बाहेर जाऊन सायकल काढली. "सुटतो कुठे तो. घरातून ओढून आणतो."

ताई त्याच्या मागे धावत गेली आणि कॅरिअरवर बसली.