शेम्वेताबाईंचे सल्ले

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा हेमेदी म्हणतो, तुला कुणी केळं दिलं तरी तू आधी ते उलटंपालटं करून बघतेस. बघते. टांझानियातल्या टांगा शहराजवळच्या आमच्या डास-संशोधन केंद्रात सतरा माणसं, त्यांत शास्त्रज्ञ बाया दोनच: डॉक्टर पेर्पेटुआ शेम्वेता आणि मी, म्वानाइदी. त्या कायमच्या, मी कराराची. माझा दोन वर्षांचा करार जूनअखेर संपत होता. पुढचा द्यायचा की नाही हे संचालक किहियो ठरवणार होते. आणि नेमक्या अशा वेळी, दोन वर्षं कामापलीकडे एक शब्द न बोललेल्या शेम्वेताबाई मला सल्ले द्यायला लागल्या.

"म्वानाइदी, उभ्याने काम करू नकोस. ते स्टूल घे."

"मला सवय आहे, बाई."

"सवय गेली चुलीत. बस."

दुसऱ्या दिवशी विचारलं, सकाळी काय खाऊन येतेस? मी म्हटलं, चहा. "चहा म्हणजे खाणं नव्हे. शास्त्रात टिकायचं असेल तर बाईने पोटभर खावं, वेळेवर झोपावं आणि आपल्याबद्दल कमीत कमी बोलावं." हे सगळं त्या माझ्याकडे न बघता, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी मात्र मी सावध झाले. "औषधाच्या खोलीत तू जाऊ नकोस. मच्छरदाण्यांचं काम महिनाभर मी बघते."

डासमार औषध लावलेल्या मच्छरदाण्यांची चाचणी माझी होती. त्यावर माझ्या नावाने निबंध निघणार होता. आता कळलं गोड बोलण्याचं कारण, असं मी मनात म्हटलं.

त्यावर कडी म्हणजे, "तुझा पांढरा कोट धोबिणीकडे टाकत जाऊ नकोस. घरीच धू."

हे मला फार लागलं. डासांच्या अळ्यांना खाणं घालणारी असुम्प्टा माझ्या वयाची, तिला मी जेवताना सांगितलं. ती मक्याच्या उगालीचा घास हातातच धरून बसली.

"म्हणजे तुला वास येतो म्हणतेय ती."

"मला वास येतो?"

"मला नाही येत बाई. पण मी दिवसभर अळ्यांत असते, माझं नाक कशाला धरतेस?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "जप हं. तिला तुझे डासांचे पिंजरे हवेत."

आता जे मी असुम्प्टालाही सांगितलं नव्हतं ते सांगते. मला तिसरा महिना होता.

आमच्याकडे पिंजऱ्यातल्या डासिणींना रक्त आम्हीच पाजतो. ज्याचे पिंजरे, त्याने आठवड्यातून तीनदा दहा वाजता अंधाऱ्या खोलीत जाऊन हात आत घालायचा. डास केंद्रातच जन्मलेले, त्यांच्या अंगात रोग नसतो. पण गरोदर बाईने हात घालायचा नाही, हा नियम दारावर लावलेला आहे. माझ्या आधीच्या मुलीने खरं सांगितलं. तिला त्याच दिवशी पिंजऱ्यांवरून काढलं आणि करार संपल्यावर 'तूर्त काम नाही' असं पत्र हातात ठेवलं. म्हणून मी ठरवलं होतं, जूनअखेरपर्यंत तोंड उघडायचं नाही. हात घालत होते आणि दर वेळी घाबरत होते. आपण आपल्या बाळाच्या तोंडचं डासांना देतोय असं वाटून मला रडू यायचं. नोकरीही हवी होती. दोन्ही खरं आहे.

आणि मातीचे डोहाळे. बाजारात पोटुशा बायकांसाठी भाजलेल्या मातीच्या कांड्या मिळतात, त्या मी कोटाच्या खिशात ठेवायची आणि दाराआड जाऊन चघळायची.

एप्रिलच्या शेवटी एका सोमवारी मी पिंजऱ्यात हात घातला, तर एकही डासीण हातावर बसेना. दिवा जवळ नेऊन पाहिलं. सगळ्या जाळीला चिकटून सुस्त बसलेल्या, पोटं लालभडक टरारलेली. कुणीतरी आधीच पाजून गेलं होतं. बुधवारी तेच. शुक्रवारी तेच. नोंदवहीत माझ्या पाळीपुढे सही नसती तर चौकशी झाली असती, म्हणून मी गुपचूप सही करत राहिले. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणीतरी माझ्या पिंजऱ्यांत हात घालत होतं. उद्या हेच माणूस संचालकांना सांगेल, ही मुलगी सह्या करते आणि काम दुसरं कुणी करतं.

कोण ते चहाच्या वेळी कळलं. शेम्वेताबाई तळलेली मंदाझी घ्यायला वाकल्या आणि त्यांची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत नुसत्या डास चावल्याच्या गांधी. आम्हा नेहमी हात देणाऱ्यांच्या अंगावर पुढेपुढे काही उमटत नाही. कातडीला सवय होते. गांधी उठतात त्या नव्याने हात देणाऱ्याला, किंवा वर्षानुवर्षं सोडून पुन्हा सुरू करणाऱ्याला. बाईंनी दहा वर्षांत पिंजऱ्याला हात लावला नव्हता.

खात्री करायची म्हणून मी पुढल्या सोमवारी सात वाजताच आले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. बाई डासांच्या खोलीतून बाही खाली ओढत बाहेर आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कुलूप लावलं. चोराची लक्षणं याहून वेगळी काय असतात?

त्या दिवसापासून मी त्यांना 'शिकामू' म्हणणं सोडलं. आमच्याकडे थोरांना शिकामू म्हणायचं, त्यांनी 'मराहाबा' म्हणायचं, मगच दिवस सुरू होतो. शिकामू गिळून पुढे जाणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. बाई रोज थांबायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणायची. पूर्ण दोन आठवडे.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी संचालकांना पत्र लिहिलं. डॉक्टर शेम्वेता परवानगीशिवाय माझ्या पिंजऱ्यांत ढवळाढवळ करतात, पुरावा त्यांच्या डाव्या हातावर आहे. खाली सही ठोकली, पत्र त्यांच्या कारकुनाकडे दिलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी पावणेअकराला शेम्वेताबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात माझ्या पत्राची प्रत होती.

"अक्षर छान आहे तुझं," त्या म्हणाल्या. "अकराला बोलावलंय मला. कोट दे."

"काय?"

"कोट दे म्हणते ना."

मी काढून दिला. त्यांनी खिसा उलटा केला. तांबूस भुकटी टेबलभर सांडली.

"धोबीण माझ्या गावची आहे. तुझ्या कोटातली माती तिने मला दाखवली. मी तिला म्हटलं, कुणाला बोललीस तर बघ. म्हणून तुला म्हटलं, घरी धू. तुला वाटलं असेल, म्हातारी नावं ठेवतेय."

स्टूल, खाणं, औषधाची खोली, सगळे सल्ले एकेक करून डोळ्यांपुढे आले.

"मग सरळ विचारायचं ना मला!" मी रडतच ओरडले.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मी डासांच्या खोलीची प्रमुख. हो ऐकलं की मला लिहावं लागतं. न विचारलेलं लिहावं लागत नाही." त्यांनी भुकटी तळहाताने गोळा केली. "माझ्या वेळी कुणी नव्हतं गं. सातव्या महिन्यापर्यंत मीच हात घालत होते. मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्याचा डासांशी संबंध नाही. असेलही तसं. पण मला अजून दहा वाजले की हात खाजतो."

"तुम्ही आत काय सांगणार?"

"जुनी खोड, हात शिवशिवला, म्हणून घातला. चिठ्ठी देतील, ताकीद देतील. पन्नाशीच्या बाईचं काय वाकडं होतंय? तू जूनपर्यंत गप्प बस." दारापाशी जाऊन वळल्या. "आणि बसून काम कर."

त्या गेल्या. मी बसून राहिले. चिठ्ठीने भागणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पुरावा त्यांच्या हातावर आहे, असं मीच लिहिलं होतं. नेमून न दिलेल्या माणसाचं रक्त पिंजऱ्यांत आलं म्हणून किहियो त्यांची डासांची खोलीच काढून घेतील. जूनअखेरला सहा आठवडे होते. सहा आठवडे गप्प बसणं एवढंच माझं काम होतं. ते मला जमलं असतं, मी तशी आहे. पण पंधरा दिवस रोज सकाळी थांबणारा त्यांचा चेहरा काही केल्या जाईना.

मी संचालकांचं दार न ठोठावता उघडलं. बाई डावी बाही वर करून उभ्या होत्या आणि किहियो चष्मा लावून त्यांच्या गांधी बघत होते.

"म्वानाइदी, तुला बोलावलेलं नाही," ते म्हणाले.

"पत्र चुकीचं आहे, साहेब. मी हात घालू नये म्हणून त्या घालत होत्या. मला तिसरा महिना संपत आलाय."

किहियोंनी चष्मा काढला आणि वही पुढे ओढली. रीतीप्रमाणे मी आधी त्यांना अभिवादन करायला हवं होतं. मी बाईंकडे वळले.

"शिकामू, बाई."

बाईंनी बाही खाली केली, एकेक बटण लावलं.

"मराहाबा," त्या म्हणाल्या, आणि शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. "आता तरी बस."