गळ्यातली पाच कार्डं

मकास्सरच्या त्या उसन्या खोलीत सगळं मांडून तयार होतं, आणि घोडं एका जागी अडलं होतं.

तेलुक बारूचं हॉस्पिटल समुद्रानं नेलं. आधी जमीन हलली, मग पाणी आलं. तिथल्या मशीनखोलीची जबाबदारी तेन्रीची. ती ईदला आईकडे मकास्सरला आली होती, म्हणून वाचली. रुग्णांच्या सगळ्या नोंदींच्या टेपा दर आठवड्याला विमानानं इकडे यायच्या, म्हणून त्याही वाचल्या. टेपा वाचणारं यंत्र तिनं एका बँकेकडून मागून आणलं, त्याची सफाई केली, कोरी टेप घालून चालवून पाहिलं. खोक्यांतल्या टेपा खोलीच्या गारव्याला सरावू दिल्या. फक्त टेपांवरचा मजकूर कुलूपबंद होता, आणि त्या कुलपाची किल्ली पाच कार्डांत वाटून ठेवलेली होती. पाचांपैकी कुठलीही तीन कार्डं, ज्याच्या त्याच्या गुप्त आकड्यासकट, घातली की कुलूप उघडायचं.

पाचही कार्डं तेलुक बारूला राहिली होती. एकाच माणसाच्या गळ्यात.

नियम उलटा होता. ज्याचं कार्ड त्याच्यापाशी, दोन कार्डं एका छपराखाली नकोत. पण नियम करणाऱ्याला ईद कुठे माहीत होती? ईदला अख्खं हॉस्पिटल आपापल्या गावी पळायचं आणि मागे राहायचे मशीनखोलीतले फ्रेट्स काका, ओम फ्रेट्स लोंटो. मिनाहासा भागातले ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेले, पोटानं गोल. "जा, ईदचा बुरासा भात खाऊन या पोटभर," ते म्हणायचे, "मी इथे मशीनची थंड हवा खातो. नाताळात मी जाईन, तेव्हा तुम्ही बसा." सुट्टीत मशीन अडलं तर तीन कार्डं लागतील, आकडे फोनवर सांगता येतील, म्हणून पहिल्या वर्षी तेन्रीनंच आपलं कार्ड काढून हसत त्यांच्या गळ्यात घातलं. मग काय, एकाचं पाहून दुसरा. मदतनीस शमसुलचं गेलं, संचालक हस्बी साहेबांचं, म्हणजे पाक हस्बींचं गेलं, जावाला गेलेल्या औषधवाल्या बाईंचंही. चोराचा विचार सगळ्यांनी केला होता, समुद्राचा कुणीच केला नाही.

बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर फ्रेट्सची बायको बसलेली असायची, तान्ते योसी, म्हणजे योसी काकू. लष्कराच्या विमानातून आली ती थेट इथेच. मांडीवर पिशवी आणि पिशवीत नवऱ्याचा एक शर्ट.

"नोनी, पोरी, आज टेपा उघडतील का गं?" तेन्री दिसली की ती विचारायची.

"बघतेय, तान्ते."

"टेकडीच्या अर्ध्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. तिथून म्हणाला, मशीनखोलीत खुंटीला काहीतरी राहिलं, आलोच घेऊन. खालून सगळे पाणी आलं म्हणून ओरडत होते, तरी गेला. गाढव कुठला." ती पदरानं नव्हे, त्या शर्टानंच डोळे पुसायची. "त्याच्या मांडीत सळी आहे. तुमच्याच हॉस्पिटलात घातलेली. फोटो निघाला की पोलिसांचे डॉक्टर ओळखतील ना त्याला?"

"ओळखतील."

हे खरंच होतं. तिकडे प्रेतांसाठीचा बर्फ संपला होता आणि माणसं बेनाव खड्ड्यांत जात होती. हॉस्पिटलचे हाडांचे, दातांचे फोटो मिळाले तर निदान मागे राहिलेल्यांना कुठे फुलं ठेवायची ते कळलं असतं. पण ज्या नोंदींवरून फ्रेट्स सापडायचे त्यांची किल्ली फ्रेट्सपाशीच होती. खुंटीला काय राहिलं होतं, हे तेन्रीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. गळ्यात खुपतात म्हणून ते कार्डं काढून खुंटीला लावायचे. तान्तेला हे सांगायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती.

पाक हस्बी खोलीत येरझारा घालत होते. "मंत्रालयाचा पुन्हा फोन होता. काय सांगू? किल्ली हरवली म्हणून?"

"हरवली नाही, पाक. आपण दिली," तेन्री म्हणाली.

तेवढ्यात शमसुलपाशी असलेला त्याच्या बायकोचा फोन वाजला. शमसुल तेन्रीच्या हाताखालचा, दोन पोरांचा बाप. यंदा त्यानं ईद सासुरवाडीला, मकास्सरला केली होती. त्याची आई तेलुक बारूच्या वरच्या डोंगरगावात राहायची. गाव शाबूत होतं, पण तारा तुटल्यामुळे आजवर बोलणं झालं नव्हतं.

"इंदो!" तो ओरडला. "आई, ऐकू येतंय का?"

पलीकडून आधी नुसती किंचाळी आली, मग थरथरता आवाज. "सुनेला फोन लावला मी. तू कोण बोलतोयस?"

"मी शमसुल! दुसरं कोण असणार?"

"थट्टा करू नकोस रे मेल्या. शमसुलला पुरलं मी परवा. या हातांनी माती टाकली."

तेन्रीनं फोनचा आवाज मोठा केला.

"इंदो, मी जिवंत आहे. इथे सासुरवाडीला. खाल्लेल्या कोंबडीची शपथ."

म्हातारी रडली, हसली, पुन्हा रडली. "सासुरवाडीला! आईकडे यायला नको, सासूची कोंबडी गोड!" मग एकदम थांबली. "मग मी कुणाला पुरलं रे?"



"स्वयंसेवक घेऊन आले," ती सांगू लागली. "तोंड ओळखायच्या पलीकडे गेलेलं. मुठीत दोरी घट्ट धरलेली, दोरीला कार्डं, सगळ्यात वरच्या कार्डावर तुझं नाव. मूठ सोडवताना बोटं मोडावी लागली म्हणे. अंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं, मांडीवर एवढी लांब टाक्यांची खूण आहे. मी म्हटलं, पोराला कधी कापलं, आणि सुनेनं कळवलंसुद्धा नाही."

तेन्रीनं दाराकडे पाहिलं. व्हरांड्यातली खुर्ची तिथून दिसत नव्हती.

"कार्डं कुठे आहेत, इंदो?" शमसुलनं विचारलं.

"माझ्या उशाशी. तुझी म्हणून ठेवली."

पाक हस्बींनी कुठे कुठे फोन केले आणि मदतीच्या परतीच्या विमानानं कार्डं दुसऱ्या दिवशी आली. तान्तेला सांगायला हवं होतं. तेन्री दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली. टेपा उघडू देत, मग सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्याचं दुःख असलं की उद्यावर ढकलता येतं.

कार्डांना गाळ लागला होता. तिनं ती स्वच्छ पाण्यानं धुतली, पुसली, पंख्याखाली वाळवली. पहिलं तिचं घातलं, आकडा दाबला. मग शमसुलनं त्याचं, मग पाक हस्बींनी. यंत्र घरघरलं. पडद्यावर नावं येऊ लागली, जन्मतारखा, रक्तगट. पाक हस्बी तोंडावर हात धरून उभेच राहिले.

"उघडलं?" दारात तान्ते योसी उभी होती.

"उघडलं, तान्ते."

ती आत आली. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. टेबलावर दोन कार्डं उरली होती, त्यातलं एक तिनं उचललं. त्यावर फ्रेट्स लोंटो हे नाव होतं.

"म्हणजे सापडला तो," ती म्हणाली.

तेन्रीनं सगळं सांगितलं. मुठीत पाचही कार्डं होती, शमसुल समजून पुरलं, कफन घातलं, नमाज पढली. सांगताना ती रडत होती, तान्ते नव्हती.

"अंघोळ घातली त्याला?"

"घातली."

"म्हातारी रडली त्याच्यासाठी?"

"खूप."

"बरं केलं. देव बघून घेईल कुठली प्रार्थना कुणाची ती." तिनं कार्ड उलटंसुलटं केलं. "हे नाही घातलंत?"

"लागलं नाही. तीन पुरतात."

"कुठली तीन?"

"माझं, शमसुलचं आणि पाक हस्बींचं."

तान्ते योसीनं एकेकाकडे पाहिलं. आधी शमसुलकडे, मग पाक हस्बींकडे, शेवटी तेन्रीकडे. आवाज चढला नाही, उलट उतरलाच.

"पाणी आलं तेव्हा तुम्ही तिघंही इथे होतात ना, नोनी?"

"हो."

"मग तुमची कार्डं त्याच्या खुंटीला काय करत होती?"