बाहेरच्यांना मज्जाव

बिश्केकच्या त्या इस्पितळाचा उलारबेकला सकाळपासून वीट आला होता. शिळ्या कोबीचा वास नाकातून जात नव्हता, खाटेखालचं भांडं कोणी उचलत नव्हतं, आणि त्यात हा टॅब. चार वाजता त्याच्या वडिलांना, आबांना, शस्त्रक्रियेला नेणार होते. त्याआधी त्यांना एकच हवं होतं: गेलेल्या बायकोचं, बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळता तळता गाणं म्हणतानाचं चित्रण. ते नारिन शहरातल्या घरी, टीव्हीखालच्या सर्व्हरवर होतं. घरात बसून दिसायचं, बाहेरून मात्र काही केल्या उघडत नव्हतं.

घरी सर्व्हरपुढे त्याची बायको गुलझात बसली होती. फोन स्पीकरवर होता.

"इंटरनेट कंपनीवाले सगळे एका माळेचे मणी," तो करवादला. "फायरवॉलचे नियम परत वाच. वरून खाली."

"किती वेळा वाचू? बाहेरून सर्व्हर बघायला परवानगी. कॅमेऱ्याला परवानगी. अहो, त्याच्याही वर एक..."

"मध्ये बोलू नकोस. राउटर बंद करून चालू कर."

"तीनदा झालं करून."

"राहू दे रे पोरा," आबा खाटेवरून म्हणाले. "उन्हाळ्यात जनावरं घेऊन कुरणावर जातो, तिथे तरी कुठे दिसायचं?"

सव्वातीन वाजले. उलारबेकने कंपनीला, इस्पितळाला, राउटर विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि शेवटी दमून विचारलं, "त्याच्या वर काय म्हणत होतीस?"

"पहिली ओळ आहे एक. ती मला वाचता येत नाही."

"का, शाळेत गेली नाहीस?"

"मोठ्यांचं नाव आहे तिच्यात. सुनेनं सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं? तेही ते ऐकत असताना?"

"नाव गाळ. पुढचं वाच."

"बाहेरून कोणालाही प्रवेश नाही. तारीख दोन वर्षांपूर्वीची."

फायरवॉल वरून खाली वाचते. पहिल्याच ओळीने नाही म्हटल्यावर खालच्या परवानग्यांना कोण विचारतो? ओळ त्याचीच होती. त्या उन्हाळ्यात आबांनी सर्व्हरचा पासवर्ड अख्ख्या कुरणावर वाटला होता. शेजारपाजारचे सगळे सिनेमे बघायला लागले आणि याच्या घरचा टीव्ही अडखळायला लागला. रागाच्या भरात त्याने बाहेरच्यांना मज्जाव केला आणि नियमाला नाव दिलं तोक्तोसून, बापाचं. आईचं चित्रण का दिसत नाही, असं आबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, डोंगरात आता नेट येत नाही. दोन-तीनदा विचारून त्यांनी नाद सोडला, आणि हा विसरूनही गेला. आता त्याला स्वतःचीच किळस आली, कोबीच्या वासाहूनही जास्त.

"पुसून टाक ती ओळ," तो म्हणाला.

पडद्यावर कढई आली, पिठाचे हात आले, आईचा आवाज आला. त्याने टॅब पुढे धरला.

आबांनी तो घेतला. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "म्हणजे आईला तू कोंडून ठेवलं होतंस."

मग ते टॅब छातीशी धरून भिंतीकडे वळले. चार वाजता न्यायला आले तेव्हाही ते तसेच होते.