कपाटात गेलेली माणसं

धाकट्याने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला आणि चित्रातल्या कपाटाच्या दारावर टेकवला.

“हळू रे,” आत्या खुर्चीतून म्हणाली. “आत तूच असलास तर डोळ्यांत जाईल.”

आत्याला थट्टेचा अधिकार होता. ती स्वतः याच चित्रात चांगलं वर्षभर फुलदाणी होती.

जेवणाच्या खोलीची एक अख्खी भिंत या चित्राने अडवली होती. वडील शाळेत मुलांना चित्रकला शिकवत. घरी मात्र त्यांनी जन्मभर हे एकच चित्र काढलं. टेबलाभोवती बसलेलं आपलं कुटुंब. ते पूर्ण होत आलं, की कुणाशी तरी बिनसायचं. वडील आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. ते मुकाट्याने स्टुलावर चढत आणि त्या माणसावर रंग चढवत. ‘दादा, हे चित्र आहे की भिंतीचं रंगकाम?’ असं विचारल्याबद्दल आत्याची फुलदाणी झाली. मधले काका कशावरून तरी पडदा झाले. आईला एकदाच पाठमोरी केली होती. पण त्या आठवड्यात स्वयंपाक वडिलांनाच करावा लागला, आणि रविवार उजाडायच्या आत आई चित्रात वळून हसू लागली.

समेट झाला की माणूस परत यायचा, पण गेला तसा नाही. वडील त्याला पुन्हा समोर बसवत, निरखून निरखून बघत आणि नव्याने काढत. काका परतले ते टक्कल घेऊन. आत्या परतली ती दुसऱ्या हनुवटीसकट, आणि त्यावरून पुन्हा फुलदाणी व्हायची वेळ आली होती.

परतला नाही तो एकटा धाकटा. “तुम्हाला माणसं कळत नाहीत बाबा, म्हणून नुसती काढत बसता,” असं तो भर जेवणात म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीच्या जागी तपकिरी कपाट उभं होतं. त्याने घर सोडलं. पुढे कुणी पाहुण्याने चौकशी केली, तर घरातले सहज सांगत, “तो होय? तो कपाटात असतो.”

आता वडीलच गेले होते. आई तर आधीच गेली होती. भेटायला येणारे पांगल्यावर धाकटा आला, बॅग दारात टाकली आणि थेट चित्रासमोर उभा राहिला. त्याला एवढंच बघायचं होतं, की आपल्याला वडिलांनी एकदा तरी बाहेर काढलं होतं का.

“काही निघायचं नाही,” ताई चहाचे कप टेबलावर ठेवत म्हणाली. “जुना रंग आहे. राहू दे ना.”

पण रंग निघाला. बोळा फिरेल तिकडे कपाट विरघळत गेलं.

“अगंबाई,” आत्या म्हणाली. “इतक्या वर्षांचा रंग, आणि लोण्यासारखा निघतोय?”

ताईने कपांवर बशा झाकल्या.

कपाटामागून आधी एक कान आला, मग चष्म्याची काडी, मग अख्खा चेहरा. तो घर सोडून गेलेला पोरगेला चेहरा नव्हता. कानांवरचे केस पिकू लागले होते, गाल उतरले होते. धाकट्याने नाकावर घसरलेला स्वतःचा चष्मा वर ढकलला.

“चष्म्याचं त्यांना कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” ताई म्हणाली. “बाबा म्हणाले, आपल्या घराण्यात चाळिशीला लागतोच.”

“केस मात्र जास्त दिलेत,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “बापाची माया, दुसरं काय.”

धाकटा हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. “कधी काढलं हे?”

“याच थंडीत. हात चालत होता तोवर.”

“मग वरचं कपाट?”

“ते मी काढलं,” ताई म्हणाली. “बाबा गेल्यावर.”

खोलीत नुसता टर्पेंटाइनचा वास राहिला.

“तुला फोन केला, ये म्हणून, तर तू म्हणालास, बघतो. ते रोज विचारायचे, झालं का त्याचं बघून?” ताईने बशी उगाच सरळ केली. “पण मी त्यासाठी नाही कपाट काढलं.”

“मग?”

“तुला काढायचं तर समोर कोण बसणार? तोंडवळा आपला एकच. मला म्हणाले, बस गं जरा, इकडे उजेडात. आठवडाभर नुसते माझ्याकडे बघत होते. नाक, कपाळ, डोळ्यांखालचं. इतकं कुणी कधी बघितलं नव्हतं माझ्याकडे. मी रोज वेणी घालून बसायचे.” ती थांबली. “मला वाटलं, या वेळी मला काढताहेत.”

धाकट्याची नजर चित्राच्या कडेला गेली. तिथे ताई उभी होती, हातात पाण्याचा जग, खांद्यावर दोन वेण्या, वय फार तर एकोणीस. टेबलाभोवतीची सगळी माणसं जाऊन-येऊन म्हातारी झाली होती. तिच्या अंगावर रंगाचा दुसरा हात कधी पडलाच नव्हता. मग त्याने टेबलापाशी उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. तिचे केस पांढरे झाले होते. हे त्याला दारातून आत येताना दिसलं नव्हतं.

“तू कधी भांडलीच नाहीस त्यांच्याशी,” तो म्हणाला.

“वेळ कुठे होता?”

त्याने बोळा खाली ठेवला. तपकिरी झालेली बोटं पँटला पुसली.

“ताई, माझ्याशी भांड. आत्ता. काय वाटेल ते बोल.”

“भांडेन की,” ताई गार झालेले कप उचलत म्हणाली. “पण मग मला काढणार कोण?”