निळ्या जर्सीतला बाबा

सायकल शर्यतींच्या त्या संघात त्याला सगळे पाणक्या म्हणत. संघाच्या गाडीपाशी मागे जायचं, जर्सीत बाटल्या कोंबून पुन्हा पुढे यायचं आणि चढ लागला की कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. शर्यत जिंकायची ती कप्तानाने. ह्याने फक्त मर मर मरायचं, आणि तेही आनंदाने.

आजचा टप्पा मात्र त्याच्या घरावरून जाणार होता. ह्या शर्यतवाल्यांची एक रीत आहे. एरवी एकमेकांना बोटभर रस्ता देणार नाहीत, पण कुणाचं घर वाटेत आलं की त्याला घोळक्याच्या पुढे सोडतात. त्याने दारात उतरावं, घरच्यांना भेटावं आणि मागून घोळका आला की गुपचूप त्यात शिरावं. तोवर कुणी आगाऊपणा करत नाही. सकाळीच त्याने सगळ्या संघांच्या कप्तानांची परवानगी काढली. बायकोला मात्र चकार शब्द सांगितला नाही. तिची गंमत करायची होती ना!

खरं तर गंमत कसली, पोरीला कडेवर घ्यायला त्याचा जीव तळमळत होता. ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हा डोंगरात सरावाला. पहिला दात, पहिला ताप, सगळं फोनवर पाहिलेलं. झोपताना तिचं वजन हातांवर कसं लागेल, याचा तो अंदाज करत बसे.

गावाची वेस आली तशी घोळक्याने वाट करून दिली. तो सुसाट सुटला, कोपऱ्यावर वळला आणि दारासमोर ब्रेक दाबले.

दाराला भलंमोठं कुलूप.

"अरे, तू इथे कसा?" शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या. "ती पोरीला घेऊन घाटात गेली. म्हणाली, इथून तर भुर्रकन जातील. चढावर जरा हळू असतात, पोरीला बाबा नीट दिसेल."

तो कुलपाकडे बघत राहिला. पायरीवर एक इवलासा बूट पडला होता. तो त्याने उचलला, पुन्हा होता तसा ठेवला. मागून सायकलींची सळसळ ऐकू आली आणि तो आल्या पावली घोळक्यात शिरला. कुणीतरी विचारलं, "भेटली का?" तो खाली वाकून नुसता पायडल मारत राहिला.

घाट लागला. आता सवलत संपली होती, खरी शर्यत सुरू झाली होती. कप्तानाला मागे घेऊन तो चढू लागला. छाती फुटायची वेळ आली होती, पण डोळे दुतर्फा उभ्या माणसांवरच होते. आणि एका वळणावर ती दिसली! बायको, तिच्या कडेवर पोरगी.

"बाबा! बाबा!" पोरगी दोन्ही हात पसरून ओरडत होती. त्याच्याकडे नाही, त्याच्या मागच्या कप्तानाकडे.

त्याला लगेच उमगलं. घरी टीव्हीसमोर आई बोट दाखवणार, तो बघ निळ्या जर्सीतला बाबा. संघात सगळ्यांचीच जर्सी निळी, आणि कॅमेरा सदा कप्तानावर. पाणी आणणाऱ्याला कोण दाखवतंय? पोरीचं काय चुकलं?

कप्तानानेही ऐकलं होतं. तो माणूस एरवी तोंडातून शब्द काढायला महाग. माथा अजून बराच लांब होता, तरी तो बाजूने पुढे येत म्हणाला, "झालं तुझं काम. उतर."

तो उतरला. हेल्मेट काढलं, चष्मा काढला, घामाने निथळणारे हात पुढे केले. बायको हसता हसता रडायला लागली. "अगं, हा बघ बाबा. जा ना त्याच्याकडे!"

पोरीने आईच्या मानेला घट्ट मिठी मारली. जरा वेळाने मान वळवून त्याला नीट न्याहाळलं, अनोळखी पाहुण्याला न्याहाळावं तसं. मग वर, वळणाआड जाणाऱ्या निळ्या जर्सीकडे बोट दाखवून रडवेली होत म्हणाली, "बाबा गेला."

तिच्या पावलावरून त्याने हलकेच बोट फिरवलं. तेवढं तिने करू दिलं.

"रडू नको हं," तो म्हणाला, "मी आणतो त्याला."

आणि हेल्मेट चढवून तो पुन्हा घाट चढू लागला.